घरच्या प्राण्यांची खाण्यापिण्याची भांडी : निवड व निगा

शेतकऱ्याच्या घरी राखणीस कुत्रा असतो, कणगीतील धान्य उंदरांपासून वाचविण्यासाठी मांजर असते, परसात चार कोंबड्या असतात आणि दावणीस एखादी शेळी बांधलेली असते. ह्या प्राण्यांस काय खावयास घालावे याचा विचार थोडाफार होतो. ते कशात घालावे याचा विचार मात्र सहसा होत नाही. घरातील जे भांडे माणसाच्या उपयोगाचे उरले नाही ते आपोआप जनावराकडे जाते. कल्हई उडालेले पितळी पातेले, पोपडे सुटलेली इनॅमलची थाळी, रंगाचा रिकामा डबा, फवारणीच्या औषधाचा कापलेला कॅन अशा वस्तू गोठ्याच्या व परसाच्या कडेला पडलेल्या असतात आणि त्यांतच कुत्र्याचे पाणी किंवा कोंबड्यांचा दाणा घातला जातो.

यात काटकसर आहे असे वरवर वाटते. परंतु जे भांडे माणसास अपायकारक म्हणून बाजूला पडले ते जनावरासही अपायकारकच असते. किंबहुना जनावरास त्याचा धोका अधिक असतो. माणूस ताटातील अन्न उचलून खातो. कुत्रा व मांजर भांड्याचा तळ व काठ जिभेने चाटूनपुसून घेतात. त्यामुळे भांड्यास चिकटलेले सर्व काही त्यांच्या पोटात जाते. शिवाय मांजराचे वजन तीन-चार किलो व कोंबडीचे दीड-दोन किलो एवढेच असते. जे विष माणसास जाणवणारही नाही तेवढ्याने असा लहान जीव दगावू शकतो. म्हणून भांडे हा खाद्याचाच एक भाग आहे असे समजून त्याची निवड केली पाहिजे.

औषधांचे डबे : सर्वांत मोठा धोका

भांड्यांच्या बाबतीत एकच नियम पाळावयाचा असेल तर तो हा की, कीटकनाशक, तणनाशक, उंदीरनाशक किंवा बीजप्रक्रियेचे औषध ज्यात एकदा होते, अथवा ज्यात ते एकदा कालविले गेले, त्या भांड्यात कोणत्याही प्राण्यास खाणे वा पाणी कधीही देऊ नये. डबा कितीही वेळा धुतला तरी हा नियम बदलत नाही. अनेक कीटकनाशके तेलकट द्रवात विरघळविलेली असतात. ती प्लॅस्टिकच्या अंगात मुरतात आणि पुढे त्यात ठेवलेल्या पाण्यात किंवा पेजेत थोडीथोडी उतरत राहतात. अशी औषधे पोटात गेल्यानेच बाधतात असेही नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करीत असताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, ही घटना सर्वांस माहीत आहे. असे द्रव्य ज्या कॅनमध्ये होते त्यातून जनावरास पाणी पाजणे किती घातक आहे ते यावरून ध्यानी यावे.

कीटकनाशकाच्या वेष्टनावर कोनावर उभा असलेला एक चौकोन छापलेला असतो. त्याच्या खालच्या त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता दाखवितो. तांबडा रंग अतिशय तीव्र विषाचा, पिवळा त्याखालोखाल, निळा मध्यम व हिरवा सर्वांत सौम्य विषाचा असतो. हिरव्या रंगाचा डबा वापरण्यास हरकत नाही असा समज काही ठिकाणी आढळतो, तो चुकीचा आहे. हिरवा त्रिकोण औषध फवारण्यासंबंधीची माहिती देतो. डबा भांडे म्हणून वापरण्याची परवानगी देत नाही. कीटकनाशक नियम, १९७१ यांनुसारही रिकामी वेष्टने पुन्हा वापरली जाऊ नयेत म्हणून उघड्यावर टाकण्यास मनाई असून ती मोडून वस्तीपासून दूर पुरावयाची असतात. रिकामा कॅन फवारणीच्या वेळीच तीनदा पाण्याने विसळून ते पाणी फवारणीच्या पंपात ओतावे आणि कॅनला तळाशी भोके पाडावीत. भोके पडलेला कॅन कोणी पाण्यासाठी उचलून नेत नाही.

औषधाच्या डब्यापेक्षा ज्या भांड्यात औषध कालविले जाते ते भांडे अधिक फसवे असते, कारण त्यावर कोणतीही खूण नसते. पेरणीच्या दिवसांत ज्या घमेल्यात बियाण्यास औषध चोळले त्याच घमेल्यात संध्याकाळी कोंबड्यांना दाणे टाकले जातात. उंदरांसाठी झिंक फॉस्फाईड पिठात ज्या थाळीत मळले ती थाळी विसळून मांजरापुढे ठेवली जाते. झिंक फॉस्फाईडपासून पोटातील आम्लामुळे फॉस्फिन नावाचा विषारी वायू तयार होतो व प्राणी थोड्या वेळात दगावतो. पिकावर फवारण्यासाठी ज्या बादलीत युरिया विरघळविला तिच्यात तळाशी राहिलेले पाणी शेळीने किंवा वासराने पिऊन युरियाची विषबाधा होते. यावर उपाय सोपा आहे. औषधे व खते कालविण्यासाठी एक बादली, एक घमेले व एक काठी वेगळी ठेवावी, त्यांवर तांबड्या रंगाचा ठळक पट्टा ओढावा आणि ती घराबाहेर कुलपात ठेवावीत. तांबडा पट्टा असलेले भांडे स्वयंपाकघरात, गोठ्यात व परसात येता कामा नये, हे घरातील लहान मुलांनाही सांगून ठेवावे.

औषधाची बाधा झालेल्या प्राण्याच्या तोंडातून लाळ गळते, डोळ्यांतून पाणी येते, हगवण लागते, अंग थरथरते व श्वास घेणे जड जाते. अशा वेळी तेल, ताक अथवा मिठाचे पाणी बळेच पाजू नये. ते श्वासनलिकेत जाऊन प्राणी गुदमरण्याचा संभव असतो. प्राण्यास तातडीने पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे आणि ज्या भांड्यातून त्याने खाल्ले ते भांडे व औषधाचे वेष्टन सोबत घ्यावे. कोणते विष आहे हे कळल्यास योग्य उपचार लवकर सुरू होतो.

भांडे कशाचे असावे

भांड्याच्या धातूचा विचार करताना त्यात कोणते खाद्य जाणार आहे हे पाहावे लागते. खेड्यात कुत्र्यामांजरांना बहुधा ताक, ताकात कुस्करलेली भाकरी, अंबील किंवा आमटीचे उरलेले पाणी मिळते. हे सर्व पदार्थ आंबट असतात आणि आंबट पदार्थ धातूवर काम करतात.

तांब्यापितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकते हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. कळकलेले ताक ती मुलांना देत नाही. तेच ताक कुत्र्यापुढे ओतू नये. मेंढ्यांच्या बाबतीत तर तांब्याचे भांडे पूर्णपणे टाळावे. मेंढीच्या यकृतात तांबे थोडेथोडे साठत जाते. बरेच दिवस काही दिसत नाही व मग एकाएकी कावीळ होऊन जनावर पडते.

बादल्या व घमेली ज्या पत्र्याची असतात त्यावर गंज चढू नये म्हणून जस्ताचा मुलामा दिलेला असतो. साधे पाणी व कोरडे खाद्य यांसाठी अशी भांडी चालतात. परंतु आंबट पदार्थात जस्त विरघळते. म्हणून ताक, अंबील अथवा आंबलेले आंबोण त्यांत तासन् तास ठेवू नये. जर्मनच्या म्हणजे ॲल्युमिनियमच्या भांड्यासही आंबट पदार्थ खातात, त्यास खड्डे पडतात व खड्ड्यांत घाण साठते. इनॅमलचे भांडे अखंड असेपर्यंत चांगले असते. त्याचे कपचे उडू लागले की अणकुचीदार कण खाद्यात मिसळतात.

जुने रंगाचे डबे व मोटारीच्या किंवा ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीचे खोके यांत शिसे असते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये असा नियम २०१६ साली करण्यात आला व तो १ नोव्हेंबर २०१७ पासून अंमलात आला. तथापि त्यापूर्वीच्या रंगांचे डबे व त्या रंगांनी रंगविलेली जुनी दारे-खिडक्या अजून वाड्यांतून पडून आहेत. वासरांस चाटण्याची खोड असते. शिशाची बाधा झालेले वासरू आंधळ्यासारखे भिंतीवर जाते, दात खाते व झटके येऊन मरते. बॅटरीच्या खोक्याचे पाण्याचे कुंड करणे म्हणजे हा आजार हाताने गोठ्यात आणणे होय.

मग कोणते भांडे घ्यावे? आज सर्वत्र मिळणारे स्टेनलेस स्टीलचे जाड बुडाचे भांडे कुत्रा व मांजर यांस सर्वांत चांगले. त्यावर आंबट पदार्थाचा परिणाम सहसा होत नाही, ते फुटत नाही, चावल्याने तुटत नाही व उकळत्या पाण्याने धुता येते. त्याचा दोष एवढाच की ते हलके असते व जमिनीवर सरकते. विटांच्या वाफ्यात किंवा मातीत थोडे पुरलेल्या लाकडी चौकटीत ते बसविल्यास हा दोष जातो, आणि धुण्यासाठी उचलूनही घेता येते.

दगडी कुंडी किंवा डोण ही आपल्याकडील जुनी व चांगली वस्तू आहे. काळ्या दगडाची कुंडी उलथत नाही, चावली जात नाही व उन्हात प्लॅस्टिकसारखी खराब होत नाही. मात्र ती जड असल्यामुळे तिच्यातील पाणी बदलण्याचा कंटाळा केला जातो. कुंडी घडविताना तळाशी पाणी सोडण्याचे भोक ठेवून त्यास लाकडी खुंटी बसविली म्हणजे ही अडचण उरत नाही. सिमेंटची कुंडी नवी असताना तिच्यातील पाण्यात चुन्याचा अंश उतरतो. म्हणून वापरण्यापूर्वी ती आठ-दहा दिवस पाण्याने भरून ठेवावी व ते पाणी रोज बदलावे.

मातीचे परळ व तसराळे उन्हाळ्यात पाण्यासाठी उत्तम, कारण त्यात पाणी गार राहते. परंतु भाजलेली माती सच्छिद्र असते. तिच्यात दूध, मांस किंवा आमटी मुरते व आंबते. म्हणून मातीचे भांडे पाण्यापुरतेच वापरावे, आठवड्यातून एकदा कडक उन्हात वाळवावे व चीर पडताच फोडून टाकावे. कोकणात नारळाच्या करवंटीत मांजरास दूध घालण्याची रीत आहे. करवंटी रोज नवी घेऊन जुनी चुलीत घातली तर ही रीत निर्दोष आहे. तीच करवंटी महिनाभर वापरणे मात्र योग्य नाही.

प्लॅस्टिकचे भांडे स्वस्त व हलके असते, परंतु त्यावर लवकर ओरखडे पडतात. ओरखड्यांत अन्नाचा चिकटा राहतो व तेथे जंतू वाढतात. मांजराच्या हनुवटीवर काळे पुरळ उठण्याचा संबंध अशा भांड्याशी जोडला जातो. कुत्र्याची पिले प्लॅस्टिक कुरतडून गिळतात व तुकडा आतड्यात अडकतो. प्लॅस्टिक वापरावयाचेच असेल तर ते खाद्यपदार्थांसाठी बनविलेले व जाड असावे आणि ओरखडे दिसू लागताच बदलावे.

आकार : ज्याचे तोंड तसे भांडे

कुत्र्याचे तोंड लांब असते व तो पाणी जिभेने उचलतो. त्यास रुंद बुडाचे, वरून किंचित निमुळते, सहसा न कलंडणारे भांडे द्यावे. भांड्याचे तोंड एवढे रुंद असावे की त्याचे सर्व डोके सहज आत-बाहेर झाले पाहिजे. अरुंद तोंडाचा तांब्या, कळशी, बरणी वा डबा अंगणात उघडा पडू देऊ नये. तहानलेला प्राणी त्यात डोके घालतो व ते बाहेर निघत नाही. २०२४ च्या मार्च महिन्यात धुळे जिल्ह्यातील एका खेड्यात बिबट्याचे डोके धातूच्या भांड्यात अडकले. तो सुमारे पाच तास तसाच होता व अखेर वन खात्याने त्याची सुटका केली. बिबट्याची वार्ता सर्वत्र पसरते. कुत्र्यामांजरांची हीच अवस्था होते तेव्हा ती कोणास कळत नाही.

कारवानीसारखी खोल छातीची कुत्री अन्न घाईघाईने गिळतात. अशा कुत्र्यांत पोट फुगून पीळ पडण्याचा प्राणघातक विकार आढळतो. भांड्याच्या मध्यभागी एक मोठा, गुळगुळीत, तोंडात न मावणारा गोटा ठेवला म्हणजे कुत्र्यास त्याच्या भोवतीने खावे लागते व घाई कमी होते. मोठ्या कुत्र्यांना भांडे उंचावर ठेवून खावयास द्यावे असे काहीजण सांगतात. परंतु २००० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उंचावर भांडी ठेवलेल्या मोठ्या कुत्र्यांमध्येच हा विकार अधिक आढळला. म्हणून निरोगी कुत्र्याचे भांडे जमिनीवरच ठेवावे.

मांजरास पसरट व उथळ थाळी द्यावी. त्याच्या मिशा स्पर्शास अतिशय हळव्या असतात आणि खोल भांड्यात त्या काठास घासतात. पाण्याचे भांडे खाण्याच्या थाळीपासून काही अंतरावर ठेवावे. दोन मांजरे असतील तर थाळ्याही दोन असाव्यात. दुबळे मांजर दांडग्या मांजराच्या थाळीजवळ जात नाही व उपाशी राहते.

शेळी चारा खाण्याच्या बाबतीत चोखंदळ असते. पायाखाली तुडविलेला किंवा लेंड्या पडलेला चारा ती सोडून देते. उघडे टोपले जमिनीवर ठेवले तर ती त्यात पाय घालते आणि निम्मा चारा वाया जातो. शेळीची गव्हाण जमिनीपासून उंच करून पुढे उभ्या पट्ट्या ठोकाव्यात, म्हणजे तिची मान आत जाईल व पाय जाणार नाहीत. पाण्याच्या बादलीची कडी काढून टाकावी. शिंगे किंवा मान कडीत अडकून शेळी बादलीसह उधळते व पाय मोडून घेते.

कोंबड्यांच्या भांड्याकडे सर्वांत अधिक लक्ष दिले पाहिजे. पिलांस होणारी रक्ती हगवण विष्ठेतून पसरते. विष्ठेतील रोगबीजांस ओल व ऊब मिळाली म्हणजे एक-दोन दिवसांत ती रोग उत्पन्न करण्याजोगी होतात. उघड्या ताटलीत पिले चढतात, विष्ठा करतात व तेच दाणे टिपतात. अशा रीतीने एका पिलाचा रोग सर्व खुराड्यात पसरतो. म्हणून दाण्याचे भांडे लांबट पन्हळीसारखे असावे व त्यावर फिरती दांडी बसवावी. दांडी फिरत असल्यामुळे पक्षी तिच्यावर बसू शकत नाही. भांड्याचा काठ पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला यावा व पक्षी वाढेल तसतसे भांडे विटांवर चढवीत जावे. भांडे निम्म्याहून अधिक भरू नये. काठोकाठ भरलेल्या भांड्यातील दाणा चोचीने बाहेर उडतो. पहिल्या दोन आठवड्यांत दर पिलास सुमारे २.५ सेंटिमीटर व मोठ्या कोंबडीस सुमारे १० सेंटिमीटर लांबीची जागा मिळेल इतकी भांडी ठेवावीत.

पिलांसाठी पाण्याचे भांडे घरीच तयार करता येते. खाद्यतेलाचा किंवा दुधाच्या भुकटीचा स्वच्छ डबा घ्यावा व त्याच्या उघड्या काठापासून सुमारे दोन सेंटिमीटरवर एक भोक पाडावे. भोकाची धार आतबाहेरून घासून घ्यावी. डबा पाण्याने भरून त्यावर डब्यापेक्षा थोडी रुंद व तीन-चार सेंटिमीटर काठाची थाळी उपडी घालावी आणि दोन्ही एकदम उलटी करावीत. थाळीत भोकाच्या उंचीइतकेच पाणी साठते. पिलांनी ते पिताच भोकातून हवा आत जाते व तेवढेच पाणी बाहेर येते. डब्याच्या भोवतीची जागा अरुंद असल्यामुळे पिलू त्यात बुडत नाही व विष्ठाही फारशी पडत नाही. असा डबा करणे शक्य नसल्यास उथळ थाळीत स्वच्छ गोटे पसरून मधल्या फटींत पाणी ठेवावे.

जागा व स्वच्छता

भांडे सावलीत, पावसाचे पाणी न येणाऱ्या व उकिरड्यापासून दूर असलेल्या जागी ठेवावे. घरच्यांच्या पिण्याच्या पाण्याची भांडी व प्राण्यांची भांडी एकत्र ठेवू नयेत, एकत्र घासू नयेत व घासण्याचा काथ्याही एक नसावा. विहिरीच्या किंवा हातपंपाच्या ओट्यावर कुत्र्याचे भांडे धुण्याची सवय काही गावांत आहे, ती बंद झाली पाहिजे. कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडणारी काही जंतांची अंडी माणसाच्या पोटात गेल्यास यकृतात व फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात. ही अंडी कुत्र्याच्या तोंडाने व अंगाने भांड्यापर्यंत पोचू शकतात. भांडे हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत व लहान मुलांस प्राण्याच्या भांड्याशी खेळू देऊ नये.

ओले अन्न अर्धा तास ठेवून नंतर उचलावे. रात्री भांड्यात उरलेले अन्न उंदीर-घुशींना बोलावून आणते. त्यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस हा आजार प्राण्यांस व माणसांस होतो. २००५ सालच्या जुलैतील महापुरानंतर मुंबईत त्याची साथ आली होती आणि कोकणात पावसाळ्यात तो आढळतो. संध्याकाळचे खाणे झाल्यावर भांडी घासून उपडी घालण्याचा नेम ठेवल्यास उंदरांचे हे निमंत्रण बंद होते.

खाण्याचे भांडे प्रत्येक खाण्यानंतर व पाण्याचे भांडे रोज एकदा घासावे. नुसते विसळल्याने भांड्याच्या अंगाचा बुळबुळीत थर जात नाही. तो काथ्याने किंवा घासणीने साबण लावून काढावा लागतो. पाण्याच्या भांड्याबाबत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. डेंग्यू पसरविणारा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात, भांड्याच्या ओलसर कडेस अंडी चिकटवितो. पाणी ओतून दिले तरी अंडी तशीच राहतात. अंड्यापासून डास होण्यास साधारणतः एक आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून कुत्र्याचे, कोंबड्यांचे व उन्हाळ्यात पाखरांसाठी ठेवलेले परळ आतल्या कडेपर्यंत घासून आठवड्यातून एकदा कोरडे होऊ द्यावे.

घरात रोग येऊन गेला असेल तर नेहमीचे घासणे पुरत नाही. कुत्र्याच्या पिलांस रक्ताची हगवण व ओकारी होऊन मारणारा पार्व्हो हा रोग साबणाने नष्ट होत नाही व त्याचे विषाणू कित्येक महिने टिकतात. अशा वेळी भांडे प्रथम साबणाने स्वच्छ धुवावे. मग एक लिटर पाण्यात सुमारे १० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर घालून त्या द्रावणात ते दहा मिनिटे बुडवून ठेवावे व नंतर भरपूर पाण्याने विसळून उन्हात वाळवावे. मातीची व प्लॅस्टिकची भांडी अशा प्रसंगी पुन्हा वापरू नयेत.

भांड्यावरून प्राण्याची प्रकृती ओळखावी

प्रत्येक प्राण्यास ठरलेले भांडे व ठरलेले माप असले म्हणजे त्याचा आणखी एक मोठा उपयोग होतो. मुक्या प्राण्याचा आजार प्रथम त्याच्या भांड्यात दिसतो. पंधरा किलो वजनाच्या कुत्र्यास दिवसास सुमारे पाऊण ते एक लिटर पाणी लागते व उन्हाळ्यात त्याहून अधिक लागते. अंड्यावरील कोंबडी जेवढे खाद्य खाते त्याच्या सुमारे दुप्पट वजनाचे पाणी पिते. रोजच्या मापाचे भांडे एकाएकी भरलेलेच राहू लागले, किंवा दुप्पट वेळा रिकामे होऊ लागले, तर प्राण्याकडे लक्ष द्यावे. एक भांडे सर्वांत मिळून असेल तर कोण जेवला नाही हे कळत नाही व रोग उघड होईपर्यंत उपचाराची वेळ निघून जाते.

यात सर्वांत महत्त्वाचे चिन्ह पिसाळलेल्या कुत्र्याचे होय. पिसाळलेला कुत्रा पाण्यास भितो असा समज आहे. माणसास हा रोग झाला असता पाण्याची भीती दिसते. कुत्र्यात ती सहसा दिसत नाही. तो पाण्याजवळ जातो, तोंड घालतो, पण घसा व जबडा लुळा पडल्यामुळे त्यास गिळता येत नाही व पाणी तोंडातून गळते. घशात हाड अडकले असावे असे समजून घरचा माणूस त्याच्या तोंडात हात घालतो आणि लाळेतील विष जखमेतून शरीरात शिरते. लाळ गळणारा, आवाज बदललेला व गिळू न शकणारा कुत्रा दिसला तर त्याच्या तोंडास किंवा भांड्यास उघड्या हाताने स्पर्श करू नये. मुलांस व इतर जनावरांस दूर ठेवावे आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यास कळवावे. कुत्रा चावला असेल, अथवा जखमेस, डोळ्यास किंवा तोंडास त्याची लाळ लागली असेल, तर ती जागा तत्काळ वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. त्वचेवरील जखम साबण लावून धुवावी व डोळे आणि तोंड नुसत्या पाण्याने धुवावेत. त्यानंतर त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लस घ्यावी. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांसाठी

गावात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी घरभेटीच्या वेळी गोठ्यात व परसात जाऊन प्राण्यांची भांडी स्वतः पाहावीत. हे भांडे पूर्वी कशासाठी वापरले होते, त्यात रोज काय घातले जाते आणि ते शेवटी केव्हा घासले, हे तीन प्रश्न विचारले तरी पुष्कळ गोष्टी उघड होतात. औषधाचा कॅन आढळल्यास नुसता उपदेश करून परत येऊ नये; घरमालकाच्या संमतीने त्यास तेथेच भोके पाडावीत व बदली कोणते भांडे वापरता येईल ते घरातल्याच वस्तूंतून दाखवावे. पेरणी व फवारणीच्या हंगामापूर्वी ग्रामसभेत तांबड्या पट्ट्याच्या भांड्यांचा विषय काढावा. शाळेतील मुलांकडून कोंबड्यांच्या पाण्याचा डबा तयार करून घेतल्यास ती गोष्ट प्रत्येक घरी आपोआप पोचते. प्राण्यांस खावयास घालण्याचे काम बहुतेक घरांतून स्त्रिया करतात, म्हणून ही माहिती महिला बचत गटांच्या बैठकीत आवर्जून सांगावी.

या कामास मोठा खर्च लागत नाही. एक स्टीलचे भांडे, दोन परळ, कोंबड्यांसाठी एक पन्हळ व तांबड्या रंगाचा एक पट्टा एवढ्याने एका घराची सोय होते. राखणीचा कुत्रा, दुभती शेळी किंवा अंड्यावर आलेली कोंबडी हातची गेल्यावर जे नुकसान होते त्याच्या मानाने हा खर्च अगदी अल्प आहे. शेतकरी बंधुभगिनींनी आजच गोठ्यात व परसात एक फेरी मारावी, तेथील प्रत्येक भांडे उचलून पाहावे आणि जे भांडे आपल्या मुलापुढे ठेवता येणार नाही ते जनावरापुढूनही काढून घ्यावे.